खुलताबादेतला समुद्र

माझ्या आत्याच्या घरी देवघराशेजारी समुद्र होता. खुलताबादेत. पावसाळ्यात ढग दारातून आत येतात, खुंटीवरच्या टोप्या ओल्या करतात आणि मागच्या दारानं निघून जातात, तिथं. ज्यांना पटत नसेल त्यांनी दौलताबादचा चढ नीट बघून यावा. तो समुद्र मी माझ्याच टेम्पोतून आणला होता आणि त्यातला थोडा त्या चढावर सांडला. जिथं सांडला तिथं आजही गवत उगवत नाही आणि पंचक्रोशीतल्या बकऱ्या येऊन दगड चाटत बसतात.

हे सगळं बायकोमुळं झालं. बायको प्राणिशास्त्राची. कॉलेजात शिकवता शिकवता तिनं पीएच्.डी.ला नाव घातलं आणि विषय घेतला समुद्रातल्या शिंपल्यांचा. मराठवाड्यात बसून समुद्रावर पीएच्.डी. करणं म्हणजे जायकवाडीत उंटाला पोहायला शिकवणं. मी तसं बोलून दाखवलं, तर म्हणाली, "सर इथंच आहेत ना." तिचे सर या विषयातले मोठे जाणकार. आणि सर संभाजीनगर सोडून कुठं हलायला तयार नव्हते. सर हलत नाहीत म्हटल्यावर समुद्रालाच इकडं यावं लागलं.

आता माझा धंदा सांगतो, म्हणजे आमच्या संसाराची गंमत कळेल. मी साऊंडवाला. लग्न, बारसं, जयंती, मिरवणूक, पुढाऱ्याची सभा, काहीही असो, आवाज माझा. माझा बेस लागला की देवगिरी किल्ल्यावरची माकडं खाली उतरून वाहनतळात येऊन बसतात. एकदा गुलमंडीत मी नुसतं 'हॅलो चेक' म्हणालो तर समोरच्या दुकानातल्या बरण्यांची झाकणं आपोआप उघडली आणि दुकानदार म्हणाला, बरं झालं, एका लोणच्याच्या बरणीचं दोन वर्षं निघत नव्हतं. अशा माणसाच्या घरात एक बाई संध्याकाळी वही उघडून लिहीत बसते की आवाजानं जीवांचं काय काय बिघडतं. सासऱ्यांनी पत्रिका बघितली होती, धंदा बघितला नव्हता.

तिचं काम तिनं मला ज्या सोप्या भाषेत सांगितलं त्याच भाषेत सांगतो. कोकणच्या खाड्यांमधे तिसऱ्या नावाचे शिंपले असतात. दोन झाकणं, मधे मऊ जीव. वाळूत रुतून बसतात आणि दोन बारीक नळ्या वर काढतात. एकीतून पाणी आत ओढायचं, गाळायचं, त्यातलं खायचं, दुसरीतून बाहेर सोडायचं. दिवसरात्र तेवढाच उद्योग. तिसरीला कान नाहीत, पण तिला थरथर कळते. बोटीचं इंजिन आलं, बंदरात खांब ठोकायला लागले, की पाण्यातून ती थरथर लांबवर पोहोचते. मग ही नळ्या आत घेते, झाकण मिटते. मिटली की खाणं बंद, श्वास बंद. त्यात पाण्यात तांब्यासारखा धातू उतरला असेल तर आणखी हाल. कारखान्याचं पाणी असतं, बोटीच्या बुडाला तांब्याचा रंग लावतात तो असतो. नुसत्या तांब्याचं काम तिनं आधीच उरकलं होतं. आता आवाज आणि तांबं एकदम आलं तर काय होतं, हे बघायचं राहिलं होतं.

त्यासाठी तीन टाक्या. एकीत बोटीच्या इंजिनाचा आवाज. दुसरीत आवाज आणि तांबं दोन्ही. तिसरीत काहीच नाही. ना आवाज, ना धातू. नुसतं समुद्राचं पाणी, वाळू आणि शांतता. ह्या तिसऱ्या टाकीला ते लोक 'कंट्रोल' म्हणतात. इतर दोन टाक्यांत काय बिघडलं हे हिच्याशी ताडून बघायचं. मला हे लगेच पटलं. आम्हीसुद्धा साऊंड लावताना आधी सगळं बंद ठेवून नुसती घरघर ऐकतो, मगच आवाज चढवतो. घरघरच कळली नाही तर पुढचं सगळं वाया.

रत्नागिरीकडच्या एका खाडीवरून तिसऱ्या आणल्या. भोंगे उतरवून टेम्पोत निळे ड्रम भरले, बर्फाची खोकी, ओली पोती, हवेचा छोटा पंप. घाट चढताना मी गाडी इतकी हळू चालवली की एक बैलगाडी मला मागं टाकून गेली आणि गाडीवाल्यानं वळून विचारलं, "पाव्हणं, पोटुशी बाई हाय का आत?"

पहिल्या दोन टाक्या विद्यापीठात बसल्या. पाण्याखालचा भोंगा मीच तयार करून दिला. ट्रकच्या चाकाची ट्यूब कापली, त्यात स्पीकर घातला आणि पंक्चरवाल्याकडून असा चिकटवून घेतला की उद्या प्रलय आला तरी तो स्पीकर वाजतच राहील. घोडं अडलं कंट्रोलपाशी. प्रयोगशाळेच्या खिडकीखालीच जनरेटर. बायकोनं पाण्यात सोडायचा माईक आणला होता. तो टाकीत सोडून मी हेडफोन लावला आणि जन्मात पहिल्यांदा घाबरलो. पाण्याला सगळं ऐकू येत होतं. जनरेटर, वरच्या मजल्यावर ओढलेलं टेबल, लिफ्टचं दार, लांबच्या रस्त्यावरची एसटी.

मग आम्ही शहरात शांतता शोधायला निघालो. आयुष्यभर मी आवाज विकला, आणि आता दारोदार शांतता मागत फिरत होतो. गारखेड्यातल्या आमच्या घरी टाकी ठेवून बघितली. तिथं टँकरचा पंप, शेजारच्यांचा इन्व्हर्टर, खालच्या मजल्यावरची पिठाची गिरणी. मित्राचं शेत बघितलं, तिथं विहिरीवर मोटार. एका मंदिराची धर्मशाळा बघितली; ती शांत होती, पण मंदिराच्या भोंग्याचं कंत्राट माझंच होतं.

शेवटी माझ्या तोंडून निघालं, "आत्या."

आत्या म्हणजे वडिलांची धाकटी बहीण. खुलताबादेत कन्याशाळेत शिवण शिकवून निवृत्त झालेली. आतोबा गेल्यावर एकटीच राहायची, डोंगराच्या कडेला दोन खोल्या आणि मागं अंगण, अंगणात एक पेरूचं झाड. आवाजाचा तिला असा तिटकारा की घरात टीव्ही नाही, मिक्सर नाही, घड्याळसुद्धा टिकटिक करतं म्हणून उशीखाली ठेवायची. माझ्या लग्नात ती कानात कापूस घालून पहिल्या रांगेत बसली होती, आणि अक्षता कधी टाकायच्या ते शेजारणीनं कोपरखळी मारून सांगितलं होतं. मला कधी नावानं हाक मारली नाही. "आला का भोंगा" एवढंच.

मी फोन लावला.

"आत्या, तुझ्याकडं थोडे पाहुणे ठेवायचेत. टोपलीभर."

"जेवतात काय?"

"हिरवं पाणी. थेंब थेंब."

"बोलतात का?"

"नाय."

"मग आण. तुझ्यापरीस बरे."

आत्याचं घर असं की चातुर्मासात कांदा-लसूणही उंबऱ्याबाहेर. टोपलीतल्या तिसऱ्या तिनं वाकून बघितल्या. मग बायकोला म्हणाली, "सूनबाई, ह्या खातात म्हणं तिकडं."

"व्हय, आत्याबाई. भातासोबत."

"तिकडं खाऊ द्या. माझ्या घरात आलेला जीव कुणाच्या ताटात जायचा नाय. हे कबूल असंल तर टाकी ठेव."

बायकोनं कबूल केलं आणि देवघराशेजारच्या कोनाड्यात समुद्र मांडला. हवेच्या पंपाची गुरगुर नको म्हणून तो अंगणात पेरूखाली ठेवला, वर जुनी गोधडी, आणि लांब नळी खिडकीतून आत. उन्हाळा तोंडावर, म्हणून टाकीला माठासारखं ओलं फडकं गुंडाळलं. मग बायकोनं आत्याला काम समजावलं. हिरवं पाणी म्हणजे बारीक शेवाळाचं पाणी, ते सकाळ-संध्याकाळ घालायचं. टाकीतलं पाणी उन्हानं उडून जातं, पण मीठ मागं राहतं, म्हणून खारटपणा वाढतो. तो वाढू नये म्हणून काचेवर मारलेल्या रेघेपर्यंत रोज साधं पाणी भरायचं. त्या भरीसाठी डिस्टिल्ड वॉटरचे कॅन ठेवले.

"हे कसलं?" आत्यानं विचारलं.

"एकदम शुद्ध पाणी, आत्या," मी म्हणालो. "बॅटरीत घालतात ते. इन्व्हर्टरमधे."

आत्यानं मान हलवली. ती मान कशासाठी हलली ते आम्हाला लई उशिरा कळलं.

ते दिवस आठवले की अजून कानात एक प्रकारचं थंड पाणी भरल्यासारखं वाटतं. दर रविवारी आम्ही दोघं खुलताबादला जायचो. घाट चढला की आधी दर्गे, मग आत्याचं घर. दारात चपला काढताना आवाज झाला तरी आत्या बोट ओठांवर ठेवायची. आम्ही तिघं टाकीसमोर चटईवर बसायचो. वाळूतून जोडी जोडीनं नळ्या वर यायच्या, तांदळाएवढ्या, टोकाला बारीक झालर असलेल्या. त्या हळूहळू उघडायच्या आणि मिटायच्या. बघता बघता तुमचा श्वासही तसाच चालायला लागायचा. मी, ज्याच्या घराण्यात कुणी सलग पाच मिनिटं गप्प बसल्याची नोंद नाही, तो मी तिथं अर्धा अर्धा दिवस बसायचो. एकदा तर इतकी शांतता झाली की अंगणात पेरू पिकत असल्याचं मला ऐकू आलं.

आत्या पूर्वी बायकोशी चार शब्दांच्या पुढं जात नसे. आमच्या सुनेला शिवण येत नाही, स्वयंपाक घाईचा, बोलणं पुस्तकी, असं तिचं मत. आता दोघी टाकीपाशी कुजबुजत बसायच्या. बायको नळ्यांच्या हालचाली लिहून घ्यायची आणि आत्या सांगायची, "ती कोपऱ्यातली आळशी हाय. ऊन खिडकीतून सरकलं की मग उठते. आणि ही मधली लई चौकस, मी आले की आधी हीच बाहेर." आत्यानं कुकर वापरणं सोडलं, शिट्टीनं पाव्हण्या दचकतात म्हणून. वरण पातेल्यात शिजायचं. पोथी मोठ्यानं वाचायची ती मनात वाचायला लागली. शनिवारी मारुतीच्या दर्शनाला गर्दी होते, तेव्हा तिनं गल्लीच्या तोंडाशी खाट आडवी टाकून मोटारसायकली दुसरीकडून वळवल्या. ह्या बाईच्या धाकानं शनिवारचा वारासुद्धा गल्लीत पाऊल न वाजवता शिरायचा.

आणि निघताना, दस्तूर म्हणून, मोरीजवळच्या तांब्याच्या हंड्यातलं पाणी. तो हंडा आत्याच्या लग्नातला. आमच्या भागात नळाला पाणी येतं ते पाहुण्यासारखं, आठवड्या-दहा दिवसांनी, तेही कधी कळवून तर कधी न कळवता. त्यामुळं पाणी भरून ठेवणं हीच आमची पूजा. धुण्याभांड्याचं प्लास्टिकच्या ड्रममधे, पिण्याचं तांब्याच्या हंड्यात. आत्या तो चिंचेनं असा घासायची की सकाळी सूर्य आधी त्या हंड्यात उगवायचा आणि मग डोंगराआडून यायचा. त्यातलं पाणी तिच्या मते अमृत. सर्दी, पोट, गुडघे, स्वभाव, सगळ्यावर एकच औषध. दोन तांबे प्यायल्याशिवाय ती आम्हाला उंबरा ओलांडू द्यायची नाही.

मग एका रविवारी नळ्या वर आल्या नाहीत.

बायको म्हणाली, ऊन जास्त असेल. पुढच्या रविवारी वाळूच्या वर काही तिसऱ्या आडव्या पडलेल्या दिसल्या. जिवंत तिसरीला बोट लावलं की ती पटकन मिटते. ह्या अर्धवट उघड्या होत्या आणि बोट लावलं तरी मिटत नव्हत्या. बायकोनं त्या उचलून बाहेर काढल्या. आत्यानं त्या पदरात घेतल्या आणि पेरूखाली पुरल्या.

विद्यापीठात उलटंच चाललं होतं. माझ्या भोंग्याखालच्या तिसऱ्या चिडचिड्या झाल्या होत्या, कमी खात होत्या, पण होत्या. खुलताबादच्या शांततेतल्या मरत होत्या. बायकोनं सरांना सांगितलं तेव्हा मीही टेम्पोच्या कामानं तिथं होतो. सर सावकाश बोलणारे. चष्मा पुसत म्हणाले, "म्हणजे आतापर्यंतचा निष्कर्ष असा की तिसऱ्यांना तुमच्या यजमानांचा साऊंड आवडतो." मी हसलो. बायको हसली नाही. सर पुढं म्हणाले, "कंट्रोल गेलं तर ह्या दोन टाक्यांना अर्थ राहत नाही. आणि आता पावसाळा. खाडीचं पाणी गोडं होईल. दिवाळीपर्यंत नव्या आणता येणार नाहीत."

बाहेर आल्यावर बायको टेम्पोत बसली, दार लावलं आणि समोर बघत म्हणाली, "दोनदा मुदत वाढवून झालीय. तिसरी वाढ मागायची तर दाखवायला काहीतरी जिवंत लागेल ना. उरलेल्या पुन्हा उघडल्या तर मागीन. नाहीतर सोडते मी हे."

मला वाटलं होतं, एवढी शांतता कुणालाही मारेल. मला स्वतःला तिथं तिसऱ्या तासाला घाम फुटायचा.

तिनं खुलताबादच्या टाकीतलं पाणी तपासायला दिलं. निकाल आला: तांबं, तेही विद्यापीठातल्या टाकीत मोजून घातलं होतं त्याहून जास्त. ज्या टाकीत काहीच असायला नको तिच्यात तांबं. बायकोनं माझ्याकडं असं बघितलं की मला माझ्या सगळ्या वायरी आठवल्या. स्पीकरची कॉइल तांब्याची, केबल तांब्याची, माझा अख्खा धंदा तांब्यावर उभा.

"आईशपथ, खुलताबादला मी साधा सेलसुद्धा नेलेला नाय," मी म्हणालो.

"मग कुठून आलं?"

त्याच दुपारी खुलताबाद गाठलं. बायकोनं नळी तपासली, तिच्या टोकाचा बुडबुडे सोडणारा दगड तपासला, कोनाड्यातला खिळा तपासला, वाळू चाळली. मी भिंतीत कुठं पाइप आहे का ते ठोकून बघत होतो, आणि आत्या मला "हळू रे" म्हणत होती. काही सापडलं नाही. घामाघूम होऊन आम्ही चटईवर बसलो तशी आत्यानं हंड्यातून तांब्या भरून आणला.

बायकोनं एक घोट घेतला आणि ती थांबली. तांब्यात बघितलं. मग मोरीकडं बघितलं, जिथं हंडा नेहमीसारखा चमकत होता.

"आत्याबाई," ती म्हणाली, "टाकीत रोज भर घालता ती कुठल्या पाण्याची?"

"कुठल्या म्हंजे? ह्याच."

"आणि ते कॅन?"

"ते न्हाणीत ठेवलेत, तसेच." आत्याच्या आवाजात जरा तोराच होता. "मोटारीच्या बॅटरीत घालायचं पाणी पाव्हण्यांना घालू व्हय? लोक काय म्हणतील? तुम्ही पोरं शिकलेली, घाईत असता, जे हाताला लागंल ते देता. मी रात्री हंडा भरते, सकाळी पहिलं पाणी ह्यांना. मग देवाला. मग मी."

बायको उठून अंगणात गेली. मी मागं गेलो. पेरूखाली, गोधडीत गुरगुरणाऱ्या पंपापाशी, ती पाठमोरी उभी होती. मला वाटलं रडतेय. हसत होती की रडत होती ते मला आजही सांगता येणार नाही.

"बोटीच्या बुडाला तांब्याचा रंग कामून देतात माहीताय?" ती म्हणाली. "शिंपले चिकटू नयेत म्हणून. आणि मी दर रविवारी त्या हंड्याचं दोन तांबे पाणी पिऊन घरी जात होते. माझ्या माहेरीही आहे तसाच. म्हणून तर दिसला नाय."

"तू काही बोलू नको," मी म्हणालो. "मी सांगतो काहीतरी. समुद्रात साथ आलीय म्हणतो. कोकणातून फोन आला होता म्हणतो. अशी कथा लावतो की आत्या वर त्यांच्यासाठी नवस बोलंल."

"नको."

"अगं, तिला लागंल. तिनं चांगलं म्हणूनच घातलं ना."

"टाकी इथंच ठेवायचीय मला. खोटं सांगितलं तर हंडाही इथंच राहील."

ती आत गेली, आत्याच्या समोर बसली आणि सगळं नीट सांगितलं. आत्यानं मधे एकदाच विचारलं, "आपण पितो की तेच."

"आपण दिवसातून चार तांबे पितो, आत्याबाई. नको असलेलं आपलं अंग बाहेर टाकतं. ह्या चोवीस तास त्यातच बसतात आणि तेच पाणी गाळत राहतात. रोज थोडं थोडं साठत जातं."

"आणि चिंचेनं घासलेलं?"

"त्यानं आणखी सुटतं."

आत्या हंड्याकडं बघत राहिली. म्हणाली, "म्हंजे मी रोज सकाळी त्यांना हाकलत होते."

"तसं नाय, आत्याबाई."

"तसंच हाय. बोटीवाले करतात तेच मी करत होते. आता उरल्यात त्या वाचतील का?"

"माहीत नाही. नवं पाणी घालून बघते. नाही उघडल्या तर मी हे काम सोडणार आहे, पण ते तुमच्यामुळं नाय."

"कुणामुळं का असंना," आत्या म्हणाली. "पाणी आण."

विद्यापीठात समुद्राचे दोन ड्रम शिल्लक होते. ते मी आणले. (सांडला तो ह्याच खेपेला.) टाकी रिकामी केली, वाळू बदलली, उरलेल्या तिसऱ्या, सगळ्या घट्ट मिटलेल्या, एकेक करून आत ठेवल्या. आत्यानं हंडा उचलला आणि अंगणात पेरूच्या बुंध्याशी पालथा घातला. मग न्हाणीतला कॅन आणला आणि रेघेपर्यंत तिनं स्वतःच पाणी भरलं. बॅटरीचं. ओतताना तोंड असं केलं होतं की लेकराला एरंडेल पाजतेय.

त्यानंतर आत्याकडून काही कळेना. मी लावला तर उचलायची आणि "नाय अजून" म्हणून ठेवायची. शेजारणीकडून कळलं की चटई तिनं टाकीसमोरच पसरलीय, तिथंच जेवते. घरी बायकोनं टेबलावरची पुस्तकं उचलून कपाटात लावली होती, आणि ते मला तिच्या बोलण्यापेक्षा जास्त ऐकू येत होतं.

आणि मी पाचोडला एका लग्नाच्या साऊंडवर. नवरदेवाचा परण्या, म्हणजे लग्नाआधीची मिरवणूक, मारुतीच्या पाराकडं निघालेला. भर दुपार, बाजारपेठ भरलेली, घोड्यावर नवरदेव, पुढं अख्खं गाव नाचतंय, आणि माझा बेस असा लागलाय की विहिरीतलं पाणी काठावर येऊन बघतंय. तेवढ्यात खिशात फोन थरथरला. ऐकू येण्याचा प्रश्नच नव्हता, मला त्याची फक्त थरथर कळली. बघितलं तर आत्या. आयुष्यात मला तिनं आपणहून कधी फोन केला नव्हता.

उचलला. ओठ हलत असतील, पण मला काही ऐकू येईना. एका कानात बोट घातलं, टेम्पोखाली वाकलो, तरी नाही. आत्या कुजबुजत होती. तिला दुसरं येतच नव्हतं आता.

मग मी ते केलं जे माझ्या धंद्यात कुणी केलेलं नाही. भर रस्त्यात, गाण्याच्या ऐन मधे, मेन खटका खाली ओढला.

पाचोडमधे अशी शांतता निजामाच्या काळापासून कुणी ऐकली नसेल. नाचणारे हात वर तसेच राहिले. घोड्यानं मान वळवून माझ्याकडं बघितलं. भाजीवालीच्या तराजूचं पारडं हललं तेही ऐकू आलं. आणि फोनमधून आत्याचा आवाज, इतका हळू की जणू ती शेजारी बसलीय.

"वर आल्यात."

"किती?"

"मोजू नको रे. पहिली मधलीच आली. आता कोपऱ्यातलीसुद्धा उठलीय. सूनबाईला सांग. आणि तू हळू बोल, भोंग्या."

मी फोन ठेवला आणि तिथंच, टेम्पोच्या पायरीवर, जरा वेळ बसलो. नवरदेवाचा मामा धावत आला. चेहरा पडलेला.

"काय झालं? कुणी गेलं का?"

"नाय," मी म्हणालो. "आल्या."

"कोण आल्या?"

"पाव्हण्या. खुलताबादला."

त्यानं माझ्या खांद्यावर हात ठेवला. त्याला वाटलं आमच्याकडं लेक झाली. अर्ध्या मिनिटात ही बातमी घोड्यापर्यंत पोहोचली आणि वरातीतल्या एका म्हातारीनं माझ्या तोंडात पेढा कोंबला. मी नाकारला नाही. खटका वर केला, पण बेस दोन खुट्ट्या खालीच ठेवला. तेव्हापासून तो तसाच ठेवतो. कुणाला सांगू नका, धंदा बसेल.

बायकोला मुदत मिळाली. सरांनी अर्जावर सही करताना एवढंच विचारलं, "त्या आत्याबाई दिवाळीनंतर पुन्हा टाकी ठेवतील का?" आत्यानं ठेवली. नव्या तिसऱ्या आल्या, कंट्रोल नीट पार पडलं, बायकोच्या नावामागं डॉक्टर लागलं. पण पहिल्या, तांबं चाखलेल्या, परत खाडीत सोडता येत नव्हत्या. तिथून त्या कुणाच्या तरी ताटात गेल्या असत्या, आणि आत्याला शब्द दिला होता. त्या तिच्याकडंच राहिल्या, आणि वर्षभरात एकेक करून पेरूखाली गेल्या. त्या पेरूला जी चव होती ती साऱ्या मराठवाड्यात नव्हती. जरा खारट, असं मी म्हणतो, बायको म्हणते काहीही सांगता.

आत्याही गेली आता. घर भाड्यानं दिलंय, भाडेकरूनं कोनाड्यात टीव्ही ठेवलाय. हंडा आमच्याकडं आहे. बायको त्यातलंच पाणी पिते, चिंचेनं घासून. कधी रविवारी दुपारी टँकर येऊन गेलेला असतो, गिरणी बंद असते, आणि ती अचानक बोट ओठांवर ठेवते. मी बोलता बोलता गप्प बसतो. दोघं ऐकतो. काहीच ऐकू येत नाही, आणि तेवढ्यासाठीच बसतो.